हाडाचा डिंक : तीन मिनिटांची बातमी, पंधरा वर्षांचा हिशेब

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात चीनच्या झेजियांग प्रांतातून एक बातमी आली. तुटलेले हाड तीन मिनिटांत चिकटवणारा डिंक तयार झाला आहे, दीडशेहून अधिक रुग्णांवर तो वापरून पाहिला आहे, त्यामुळे प्लेट-स्क्रूची गरज नाही आणि ते काढण्यासाठी दुसऱ्या ऑपरेशनचीही नाही, असा तिचा सारांश. हांगझोऊमधील सर रन रन शॉ रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक लिन शियानफेंग यांच्या गटाने तयार केलेल्या या पदार्थाचे नाव 'बोन-०२'. पाण्याखाली पुलाच्या खांबांना घट्ट चिकटून राहणाऱ्या कालवांवरून ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे काढणाऱ्या बायकांना ही चिकाटी काय असते, हे वेगळे सांगायला नको.

काही दिवसांत ही बातमी व्हॉट्सअॅपवर फिरू लागली आणि सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात प्रश्न येऊ लागले. 'तो डिंक इकडे कधी येणार?', 'आईच्या खुब्याला चालेल का?', 'ऑपरेशन थोडे थांबवले तर?' यातला तिसरा प्रश्न काळजीचा आहे. हाड आणि डिंक हे नाते मराठी घराला नवे नाही. कंबर धरली की डिंकाचे लाडू आठवतात. पण हा डिंक पोटातून जाणारा नाही. तो थेट तुटलेल्या हाडाच्या दोन टोकांमध्ये भरायचा आहे, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आधी आकडे पाहू. बातम्यांत तीन आकडे होते. चिकटण्याचे कमाल बळ ४०० पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण १८० किलो. घसरण्याच्या ताणाला टिकण्याची क्षमता सुमारे ०.५ मेगापास्कल. आणि दाब सहन करण्याची क्षमता सुमारे १० मेगापास्कल. मथळ्यात गेला तो पहिला आकडा, कारण १८० किलो म्हटले की माणूस डोळ्यांपुढे दोन पोती गहू आणतो. पण चिकटपणाचे बळ किती क्षेत्रफळावर मोजले हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. हाताच्या पंजाएवढ्या पृष्ठभागावर १८० किलो पेलणे वेगळे आणि टिकलीएवढ्या पृष्ठभागावर पेलणे वेगळे.

उपयोगाचा आकडा दुसरा आहे. ०.५ मेगापास्कल म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साधारण ५ किलो. मनगटाजवळच्या हाडाचा एखादा तुकडा दोन चौरस सेंटीमीटर जागेवर चिकटवला, तर घसरवणाऱ्या ताणाला तो १० किलोंपर्यंत टिकेल. प्लॅस्टरमध्ये विसावलेल्या मनगटाला तेवढे पुरेही शकते. आता खुबा बघा. चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. ६० किलोंच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला १५० ते १८० किलो. दिवसाला पाच हजार पावले धरली, तर एका पायाच्या वाट्याला अडीच हजार येतात, वर्षाला नऊ लाखांच्या पुढे. एकदा पेललेला भार आणि नऊ लाख वेळा पेललेला भार यांत फरक असतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा वाकवली की तुटते. धातूचे, प्लास्टिकचे आणि डिंकाचे सगळ्यांचेच तसे असते. त्यामुळे 'आईच्या खुब्याला चालेल का' या प्रश्नाचे आजचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यासाठी कोणताही गुप्त अहवाल वाचावा लागत नाही. बातमीतलेच आकडे पुरेसे आहेत.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. सांधेरोपणात गेली साठ-पासष्ट वर्षे 'बोन सिमेंट' वापरले जाते, आणि अनेकांना तो डिंकच वाटतो. तो डिंक नाही. पॉलीमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे दंतवैद्य कवळ्यांसाठी वापरतात त्याच कुळातले प्लास्टिक. साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर द्रव ऑपरेशनच्या टेबलावर कालवतात, त्याची कणीक होते, ती हाडाच्या पोकळीत दाबून भरतात आणि वर सांध्याची दांडी बसवतात. दहा-बारा मिनिटांत ते दगडासारखे होते. फरशी बसवताना गवंडी खाली जो माल पसरतो, त्याचे काम आणि याचे काम एकच: जालीदार हाडाच्या छिद्रांत शिरायचे, पोकळी गच्च भरायची आणि भार पसरून खाली द्यायचा. रासायनिक चिकटणे त्यात नाही. म्हणूनच त्याची परीक्षा दाबावर होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सिमेंटने किमान ७० मेगापास्कल दाब सहन करायला हवा, म्हणजे नव्या डिंकाच्या सातपट. या दोन पदार्थांची कामे वेगळी असल्यामुळे ही तुलना डिंकाला कमीपणा आणणारी नाही. पण 'सिमेंटची जागा आता डिंक घेणार' असे जे काही ठिकाणी छापून आले, ते चूक होते.

मग खरा डिंक, म्हणजे हाडाच्या दोन तुकड्यांना धरून ठेवणारा, आजवर का झाला नाही? लाकूड चिकटते, काच चिकटते, दातावर भराव चिकटतो, मग हाड का नाही? पहिली अडचण रक्ताची. ताजे तुटलेले हाड ओले असते, त्यावर मज्जेतली चरबी पसरलेली असते, आणि बहुतेक डिंकांना कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. कालवे, शिंपल्यांतले काही प्राणी आणि वाळूची नळी बांधून राहणारा समुद्री किडा यांच्याकडे शास्त्रज्ञ वळले ते याचसाठी. ते ओल्यातच चिकटतात. अमेरिकेत यूटा विद्यापीठात त्या वाळूच्या किड्यावर बरीच वर्षे काम झाले आहे. फॉस्फोसेरीन मिसळलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा आणखी एक हाडाचा डिंक तिथे मानवी चाचण्यांपर्यंत आला आहे. ओल्या पृष्ठभागाचा प्रश्न सुटत चालला आहे, असे आता म्हणता येते.

दुसरी अडचण मात्र चिवट आहे आणि तिची चर्चा बातम्यांत जवळजवळ नव्हती. हाड हा तुटलेला कप नव्हे. कप चिकटला की काम संपले. हाडाच्या बाबतीत चिकटवणे हे फक्त थांबून राहण्याचे साधन आहे, जोडणी हाड स्वतःच करते. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ होते, त्यात नव्या पेशी येतात, कच्चे हाड तयार होते, मग ते पक्के होते. हे सगळे नेमके त्या फटीत घडते. आणि डिंकही त्याच फटीत भरायचा आहे. म्हणजे ज्या दारातून हाडाला पलीकडे जायचे, त्या दारातच आपण पाचर ठोकतो. ही पाचर वेळेवर विरघळली नाही, तर हाड तिथेच अडते आणि फ्रॅक्चर न जुळता राहते. लवकर विरघळली, तर हाड पक्के होण्याआधीच तुकडा सरकतो. 'बोन-०२' सुमारे सहा महिन्यांत शरीरात विरून जाते असे सांगितले गेले. मनगट जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्तही. वृद्धांत, मधुमेहींत, तंबाखू-बिडीचे व्यसन असलेल्यांत हा काळ आणखी लांबतो. डिंकाच्या विरघळण्याचे वेळापत्रक आणि रुग्णाच्या हाडाचे वेळापत्रक जुळले पाहिजे, आणि दुसरे वेळापत्रक माणसागणिक बदलते.

तिसरी अडचण जंतुसंसर्गाची. प्लेटला जंतू लागले तर काय करायचे हे ठरलेले आहे: धुवायचे, अँटिबायोटिक द्यायचे, गरज पडली तर प्लेट काढायची. फटीत शिरलेला डिंक काढायचा कसा?

यातले काहीच नवे नाही. १८९० च्या सुमारास बर्लिनचे थेमिस्टोक्लेस ग्लुक हस्तिदंताचे सांधे बसवत आणि ते पक्के करायला राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लॅस्टर यांचे मिश्रण वापरत. रुग्ण बहुतेक क्षयाने सांधे गेलेले. जंतुसंसर्गाने सगळे फसले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात मँडारिनो आणि साल्व्हाटोर या दोन डॉक्टरांनी 'ऑस्टामर' नावाचा पॉलीयुरेथेनचा फेस फ्रॅक्चरमध्ये भरायला सुरुवात केली. प्लॅस्टर नाही, प्लेट नाही, थोड्या दिवसांत चालायला लागा, हा तेव्हाचाही सांगावा होता. पुढे इतर ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनी आपले रुग्ण तपासले तेव्हा न जुळलेली हाडे आणि वाहणाऱ्या जखमा दिसल्या, आणि ऑस्टामर काही वर्षांतच बाद झाले. २०२५ ची बातमी आणि ती जुनी बातमी शेजारी ठेवली तर नावे तेवढी बदलावी लागतात.

मात्र फसलेल्या प्रयोगांपेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट यशस्वी प्रयोगाची आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथे काम करणारे जॉन चार्नली यांनी १९५८ पासून खुब्याच्या सांध्यात हे दंतवैद्यकीय सिमेंट वापरायला सुरुवात केली. त्यामागे मँचेस्टरच्या दंतमहाविद्यालयातील डेनिस स्मिथ यांचे रसायनज्ञान होते. सिमेंट टिकले, पण सांध्याची वाटी टेफ्लॉनची होती, ती तीन-चार वर्षांत झिजली. सुमारे तीनशे रुग्णांचे सांधे बिघडले. पहिल्या वर्षी तेच रुग्ण खुशीत चालत होते. त्यांची त्या वेळची चित्रफीत आज कोणी पाहिली तर तीही सहज व्हायरल होईल. १९६२ च्या अखेरीस चार्नली पॉलिथिलीनच्या वाटीकडे वळले आणि मग त्यांनी रुग्णांचा माग सोडला नाही. मृत्यूनंतर सांधा तपासायला परत मिळावा, अशी परवानगीसुद्धा ते रुग्णांकडून घेत. आज जगभर लाखो लोक ज्या सिमेंटवर चालत आहेत, त्याची विश्वासार्हता अशा पाठपुराव्यातून आली आहे.

हा पाठपुरावा एका डॉक्टरच्या चिकाटीवर न ठेवता देशाने केला तर काय होते, ते नॉर्वेने दाखवले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधून 'बोनलॉक' नावाचे सुधारित सिमेंट आले. जुने सिमेंट घट्ट होताना तापते, त्यातून तीव्र वासाचे द्रव्य बाहेर पडते. बोनलॉक कमी तापते आणि कमी द्रव्य सोडते, असा दावा होता, आणि तो खरा होता. कागदावर पदार्थ सरस होता. रुग्णांवरच्या पुरेशा चाचण्यांशिवाय तो बाजारात आला. पण तो आतून मऊ निघाला आणि सांधे दोन-तीन वर्षांतच हलू लागले. एकेका सर्जनला हे कळले नसते. वर्षाला दोन-चार सांधे सैल झाले तर तो रुग्णाच्या हाडाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतो. नॉर्वेत १९८७ पासून प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद होत होती, कोणते सिमेंट वापरले यासकट. त्या नोंदीत बोनलॉकचा आलेख इतरांपासून वेगळा होताना दिसला आणि १९९५ मध्ये ते सिमेंट बाजारातून गेले. नोंदवही नसती, तर ते आणखी किती वर्षे चालले असते, याचा अंदाज वाचकाने करावा.

चाचणी टाळल्याचा सर्वांत काळा दाखला अमेरिकेचा आहे. 'नॉरियन' हे कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट हातापायांच्या हाडांतील पोकळ्या भरायला उपयुक्त होते. सिंथीज या कंपनीने ते पाठीच्या दबलेल्या मणक्यांसाठी वापरायला शल्यचिकित्सकांना प्रवृत्त केले, परवानगी नसताना, आणि रक्तात मिसळल्यास त्याने गुठळ्या होतात हे प्राण्यांवरच्या प्रयोगातून समोर आले असताना. तीन रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर दगावले. खटला झाला, कंपनीला दोन कोटी डॉलरहून अधिक दंड झाला आणि २०११ मध्ये चार वरिष्ठ अधिकाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. पदार्थ वाईट नव्हता. एका हाडासाठी चांगला असलेला पदार्थ दुसऱ्या हाडात न विचारता नेला गेला.

मणक्याचाच विषय निघाला तर हेही नोंदवायला हवे. ठिसूळ झालेल्या मणक्यात नेहमीचे सिमेंट सुईने भरायचा उपचार १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाला आणि जगभर पसरला. रुग्ण उठून बसत, दुखणे कमी झाले म्हणत. २००९ मध्ये दोन चाचण्यांत निम्म्या रुग्णांना खरे सिमेंट भरले आणि निम्म्यांना फक्त सुई टोचल्याचा देखावा केला. दोन्ही गटांचे दुखणे जवळजवळ सारखेच कमी झाले.

म्हणून दीडशे रुग्णांच्या आकड्याकडे बघताना 'कितींवर वापरले' यापेक्षा 'कशाशी तुलना केली' हा प्रश्न मोठा आहे. बातमीत ज्या मनगटाच्या फ्रॅक्चरचा दाखला होता, तेच घ्या. ब्रिटनमध्ये ५०० प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मनगट सरळ बसवून निम्म्यांना तारा घातल्या आणि निम्म्यांना नीट आकार दिलेले प्लॅस्टर घातले. वर्षाने दोन्ही गटांचा हात सारखाच चालत होता. प्लॅस्टरच्या गटात साधारण आठांतल्या एकाला नंतर ऑपरेशन लागले, हे खरे. पण बाकीचे सात सुईशिवाय सुटले. अशा हाडात डिंक घालून हात बरा झाला, तर श्रेय डिंकाचे की हाडाचे? प्लॅस्टरच्या, तारांच्या आणि प्लेटच्या गटाशी चिठ्ठ्या टाकून तुलना झाल्याशिवाय हे कळणार नाही. दुसऱ्या ऑपरेशनची भीतीही जरा फुगवलेलीच होती. प्रौढांत त्रास होत नसेल तर प्लेट बहुधा काढत नाहीत.

याचा अर्थ डिंक निरुपयोगी आहे असा नाही. ज्यांनी टाचेच्या हाडाचा किंवा गुडघ्याखालच्या सांध्याचा चुरा जोडायचा प्रयत्न केला आहे, त्यांना विचारा. शेंगदाण्याएवढे तुकडे, त्यावर सांध्याची कूर्चा. स्क्रू घालावा तर तुकडाच फुटतो. असे तुकडे जागेवर धरून ठेवणारा आणि मग निघून जाणारा पदार्थ मिळाला, तर तो मोठाच आधार ठरेल. मुख्य भार प्लेट घेईल, डिंक मदतनीस राहील. कवटीचा कापलेला तुकडा परत बसवणे, चेहऱ्याची पातळ हाडे, दाताचे रोपण पक्के करणे, इथेही भार कमी असल्याने त्याला खरी संधी आहे. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने स्वतःचे कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट तयार केले आहे. या वाटेवर चालण्याची क्षमता आपल्याकडे आहे. ते काम मात्र कधी व्हॉट्सअॅपवर फिरले नाही.

दरम्यान, जुने सिमेंट अजूनही काय करू शकते याकडे दुर्लक्ष होते. खुब्याचे हाड मोडलेल्या साठ वर्षांवरील १,२२५ रुग्णांवरची ब्रिटिश चाचणी २०२२ मध्ये आली. अर्धा सांधा बदलताना सिमेंट वापरलेल्या रुग्णांचे आयुष्य चार महिन्यांनी अधिक सुसह्य होते, आणि सांध्याभोवती पुन्हा हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के होते. सिमेंट दाबून भरताना मज्जेतली चरबी रक्तात जाऊन रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरण्याचा धोका असतो, भूलतज्ज्ञ त्या दोन-तीन मिनिटांत डोळ्यांची पापणी लवू देत नाहीत. तरीही वर्षभरातल्या मृत्यूंत सिमेंटच्या गटाचे नुकसान दिसले नाही. आपल्याकडे मात्र महागडा बिनसिमेंटचा सांधा म्हणजे चांगला सांधा, अशी समजूत घट्ट आहे. सत्तरीतल्या ठिसूळ हाडाच्या आजींना स्वस्त सिमेंटचा सांधा द्या म्हटले, की नातेवाईकांना सरकारी काटकसर वाटते.

सिमेंटलाही काळजी लागते. मानकातली चाचणी २३ अंश तापमानात होते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला, की तेच सिमेंट डोळ्यांदेखत आधी घट्ट होते आणि दांडी अर्धवट बसते. सरकारी रुग्णालयांत त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो कोणत्याही बातमीत येत नाही: महामार्गावरच्या अपघातात उघडे पडलेले, जंतू लागलेले हाड असले, की अँटिबायोटिकची पावडर सिमेंटमध्ये कालवून, हातानेच मणी वळून, तारेत ओवून ती माळ जखमेत ठेवतात. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची ही युक्ती १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी रूढ केली.

आता आपल्या व्यवस्थेकडे. बोन सिमेंट आणि अस्थिरोपणे २००५ पासूनच औषध कायद्याच्या कक्षेत आहेत; २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम २०१८ पासून लागू झाले; २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याखाली आली. हाडाचा डिंक भारतात आणायचा तर केंद्रीय औषध नियामकाची परवानगी आणि इथल्या नैतिक समितीची देखरेख लागेल. गुडघ्याच्या सांध्याच्या किमती ऑगस्ट २०१७ मध्ये बांधल्या गेल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. म्हणजे दारातून आत येताना काय तपासायचे आणि किती पैसे घ्यायचे, याचे नियम आपल्याकडे आहेत. आत आल्यावर काय होते, हे बघणारी व्यवस्था मात्र कच्ची आहे.

याचा पुरावा जुना नाही. 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा (त्यात प्रश्न सिमेंटचा नव्हता, झिजून रक्तात जाणाऱ्या धातूचा होता) ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे संशयात आला आणि २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला. भारतात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा पाठपुरावा सुरुवातीला केला. पुढे केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे चित्र आले ते असे: देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांतील ३,६०० च्या आसपास रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ही माणसे त्या वेळी जिवंत होती, चालत होती किंवा लंगडत होती. त्यांच्या शरीरात नेमके काय आहे हे त्यांना सांगायला कोणाकडे यादी नव्हती.

सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही चालवली आहे, पण ती स्वेच्छेची आहे. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. कोणताही डॉक्टर, नर्स किंवा रुग्ण त्यात तक्रार देऊ शकतो. पण तक्रार म्हणजे नोंदवही नव्हे. बोनलॉकसारखे अपयश तक्रारीत दिसत नाही, कारण कोणा एकाला ते अपयश वाटतच नाही. शंभर सांध्यांपैकी किती सैल झाले हे कळायला आधी शंभर मोजलेले असावे लागतात. शासकीय विमा योजनांतून होणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेची संगणकीय नोंद आजही होते, पैसे मिळण्यासाठी. त्याच नोंदीत सिमेंटचा किंवा डिंकाचा प्रकार आणि बॅच क्रमांक हे दोन रकाने सक्तीचे केले, तर निम्मी नोंदवही तयार आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे महामंडळ तर नाहीच.

डिंकासाठी थांबण्यात मात्र नुकसान पक्के आहे. वृद्धांच्या खुब्याचे ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावे लागते. अंथरुणावरचा प्रत्येक दिवस पाठीला जखमा, छातीत कफ आणि पायात गुठळी आणतो. उघड्या फ्रॅक्चरमध्ये तर पहिले काही तासच महत्त्वाचे. मनगट वाकडे बसले आणि तीन आठवडे तसेच राहिले, तर ते पुन्हा मोडून बसवावे लागते. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या बांधून आठ दिवस काढलेले रुग्ण अजूनही येतात. त्यांत आता मोबाइलवरच्या डिंकाची वाट पाहणाऱ्यांची भर पडू नये.

ज्यांच्या घरी सांधा बदलायचा आहे किंवा प्लेट बसवायची आहे, त्यांनी एक साधे काम करावे. प्रत्येक इम्प्लांटच्या आणि सिमेंटच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात, त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. एक पट्टी रुग्णालयाच्या कागदांवर लावतात. दुसरी डिस्चार्ज कार्डावर लावून मागावी. बिलात सिमेंटची वेगळी ओळ असेल, तर ती पट्टीशी ताडून पाहावी. कार्डाचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवावा आणि मूळ कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत. दहा-बारा वर्षांनी खुबा दुखू लागला, तेव्हा समोरचा डॉक्टर नवा असेल आणि पहिला प्रश्न हाच विचारील: आत काय बसवले आहे?